मोटारगाडीच्या घरगुती देखभालीची अवजारे

मोटारगाडीच्या घरगुती देखभालीची अवजारे म्हणजे गाडीची नियमित देखभाल व किरकोळ दुरुस्ती गॅरेजमध्ये न नेता घरच्या घरी करण्यासाठी वापरली जाणारी हस्त-अवजारे, मापनयंत्रे आणि गाडी उचलण्याची साधने होत. इंजिनातील तेल व गाळणी बदलणे, चाकांची अदलाबदल करणे, ब्रेकचे पॅड, स्पार्क प्लग अथवा बॅटरी बदलणे ही अशा कामांची नेहमीची उदाहरणे आहेत. यांपैकी बहुतेक कामे साध्या पान्यांनीही होतात. परंतु रॅचेट, विद्युत इम्पॅक्ट पाना, दोषसंकेत वाचणारे यंत्र यांसारख्या साधनांमुळे त्यांना लागणारा वेळ बराच कमी होतो. टॉर्क पाना आणि आधार-घोडी ही दोन साधने मात्र वेळ वाचवत नाहीत, उलट थोडा अधिक घेतात. घाईच्या वेळी नेमकी हीच दोन बाजूला ठेवली जातात आणि घरगुती दुरुस्तीतील गंभीर अपघातांचा धोका तेथूनच निर्माण होतो.

वेळ कोठे जातो

घरगुती दुरुस्तीत प्रत्यक्ष सुटा भाग बदलण्यास लागणारा वेळ सहसा थोडा असतो. उरलेला वेळ तीन ठिकाणी खर्च होतो. पहिले म्हणजे अडचणीच्या जागेतील बोल्ट. इंजिनाच्या कप्प्यात पाना पूर्ण फिरवण्याइतकी जागा क्वचितच मिळते. त्यामुळे तो थोडा फिरवायचा, काढायचा आणि पुन्हा बसवायचा, असे प्रत्येक बोल्टसाठी अनेक वेळा करावे लागते. दुसरे म्हणजे गंजून घट्ट बसलेले नट-बोल्ट; एकच अडकलेला बोल्ट अर्ध्या तासाच्या कामाला अर्धा दिवस लावू शकतो. तिसरे कारण दोष नेमका कोठे आहे हे न कळणे. अंदाजाने एकामागून एक भाग बदलत जाणे हा दुरुस्तीचा सर्वांत संथ आणि सर्वांत महाग मार्ग आहे. वेळ वाचवणारे प्रत्येक चांगले अवजार या तिन्हींपैकी एका कारणावर उपाय करते.

पाना, गोटी आणि रॅचेट

उघड्या तोंडाच्या साध्या पान्याचे तोंड दांड्याशी सरळ रेषेत नसते. ते साधारणपणे १५ अंशांनी कललेले असते. षटकोनी बोल्टवर पाना पुन्हा बसवण्यासाठी एरवी तो ६० अंश फिरवावा लागला असता. या कलामुळे पाना दर खेपेस उलटा करून लावल्यास ३० अंशांची हालचाल पुरते. बारा कोनांच्या रिंग पान्यालाही तेवढीच जागा लागते.

रॅचेटमध्ये ही अडचण जवळजवळ संपते. रॅचेटच्या डोक्यात एक दातेरी चक्र व त्यात अडकणारी खिटी असते. दांडा एका दिशेने फिरवला की खिटी चक्राला धरते व बोल्ट फिरतो. उलट फिरवल्यास खिटी दात्यांवरून ‘टिक-टिक’ असा आवाज करत घसरते आणि गोटी बोल्टवरच राहते. चक्राला ३६ दाते असल्यास दांडा परत घेताना किमान १० अंश, तर ७२ दाते असल्यास किमान ५ अंश फिरवावा लागतो. म्हणूनच अरुंद जागेत अधिक दात्यांचे रॅचेट उपयोगी पडते. दाते जितके बारीक तितकी त्यांची यंत्रणा नाजूक, ही त्याची दुसरी बाजू आहे.

गोटी बदलता येण्याजोग्या रॅचेट पान्याचे पेटंट अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील जे. जे. रिचर्डसन यांना इ.स. १८६३ मध्ये मिळाले. मोटारींचा प्रसार झाल्यावर, इ.स. १९२० मध्ये स्थापन झालेल्या स्नॅप-ऑन या अमेरिकी कंपनीने पाच दांडे व दहा गोट्या यांच्या संचातून पन्नास पान्यांचे काम होते, या कल्पनेवर आपला व्यवसाय उभा केला. पीटर रॉबर्ट्स यांचे प्रकरण याहून गाजले. सिअर्स या दुकानसाखळीत काम करणाऱ्या या १८ वर्षांच्या तरुणाने डोक्यामागील बटण अंगठ्याने दाबताच गोटी सुटेल अशी रचना तयार केली. तिचे पेटंट त्यांना इ.स. १९६५ मध्ये मिळाले. तिचे हक्क त्यांनी सिअर्सला १०,००० डॉलरांना दिले. ही रचना प्रचंड खपाची ठरल्यावर रॉबर्ट्स यांनी न्यायालयात दाद मागितली आणि दीर्घ लढ्यानंतर इ.स. १९८९ मध्ये ८२ लाख डॉलरांवर तडजोड झाली. तेलकट हाताने गोटी ओढून काढण्यात किती वेळ जातो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या बटणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

गोट्यांची मापे मिलिमीटरमध्ये असली तरी त्या ज्या चौकोनी खुंटीवर बसतात तिचे माप आजही जगभर इंचांत मोजले जाते: पाव इंच, तीन-अष्टमांश इंच आणि अर्धा इंच. घरगुती कामासाठी तीन-अष्टमांश इंचाचा संच सर्वांत उपयुक्त समजला जातो. चाकांच्या नटांसाठी अर्ध्या इंचाची खुंटी लागते. जपानी पद्धतीच्या गाड्यांत १०, १२, १४, १७ व १९ मिलिमीटर ही मापे वारंवार आढळतात, तर युरोपीय गाड्यांत १३, १६ व १८ मिलिमीटरचे बोल्टही असतात. १० मिलिमीटरची गोटी सर्वाधिक वापरली जाते आणि सर्वाधिक हरवतेही. हा जगभरच्या मेकॅनिकांमधील कायमचा विनोद आहे. बारा कोनांच्या गोटीपेक्षा सहा कोनांची गोटी बोल्टच्या सपाट बाजूंना अधिक भिडते. त्यामुळे बोल्टचे कोपरे गोल होण्याचा धोका कमी असतो आणि जुन्या गाडीसाठी तीच निवडावी लागते.

जपानी गाड्यांवरील फुलीच्या स्क्रूंबाबत एक बाब बहुधा दुर्लक्षित राहते. त्यांची खाच जपानी मानकानुसार असते आणि वरवर पाहता ती फिलिप्स खाचेसारखीच दिसते. फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण टेकत नाही, जोर देताच वर उसळतो आणि खाच खराब करतो. अशा स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. त्यासाठी त्या मानकाचा स्क्रूड्रायव्हर वापरल्यास काम एका प्रयत्नात होते.

अडकलेले नट-बोल्ट

गंजलेला बोल्ट सोडवण्याचा पहिला उपाय लांब दांड्याची टॉमी हा आहे. फिरवण्याचा जोर, म्हणजेच टॉर्क, हा लावलेले बळ आणि दांड्याची लांबी यांचा गुणाकार असतो. दांडा दुप्पट लांब केल्यास त्याच बळाने दुप्पट टॉर्क मिळतो. हे काम रॅचेटवर नळी चढवून केल्यास आतील बारीक दाते मोडतात. बोल्ट आधी टॉमीने सैल करून मग रॅचेटने काढावा, हा कार्यशाळांतील प्रघात त्यामुळेच पडला आहे.

आट्यांत झिरपणारे तेल अडकलेल्या बोल्टवर फवारून काही तास, शक्य असल्यास रात्रभर, ठेवल्यास बरेच बोल्ट सहज सुटतात. येथे वेळ वाचतो तो आदल्या संध्याकाळी आठवण ठेवल्याने. या कामासाठी सर्रास वापरले जाणारे डब्ल्यूडी-४० हे मिश्रण इ.स. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे तयार झाले. त्याचा मूळ उद्देश पाणी दूर सारून अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणाला गंजापासून वाचवणे हा होता. नावातील ४० हा आकडा सूत्राच्या चाळिसाव्या प्रयत्नाचा निदर्शक आहे. गंज सोडवण्यासाठीच बनवलेली तेले या कामात त्याच्यापेक्षा सरस ठरतात. दार किंवा बिजागरीचे दीर्घकाळचे वंगण म्हणून तर त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

लिथियम-आयन बॅटरीवर चालणाऱ्या इम्पॅक्ट पान्यामुळे पूर्वी फक्त दाबाच्या हवेची सोय असलेल्या गॅरेजमध्ये मिळणारा वेग घरी उपलब्ध झाला. या यंत्रातील मोटर एका जड हातोड्याला गती देते आणि तो खुंटीच्या ऐरणीवर सेकंदाला अनेक वेळा आदळतो. टॉर्क सलग न मिळता ठोक्यांच्या रूपात मिळतो. त्यामुळे गंजाचा थर फुटतो आणि यंत्र धरणाऱ्याच्या मनगटावरही फारसा ताण येत नाही. यासाठी इम्पॅक्टच्या खास काळ्या गोट्या वापरणे आवश्यक आहे. चकचकीत मुलाम्याच्या साध्या गोट्या कठीण पण ठिसूळ असतात. ठोक्यांनी त्या फुटून तुकडे उडू शकतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असणे हा या कामाचाच भाग समजला पाहिजे. इम्पॅक्ट पाना सोडवण्यासाठी जितका उत्तम तितकाच आवळण्यासाठी अविश्वसनीय आहे, कारण त्याने किती टॉर्क दिला हे हाताला कळत नाही.

दोषशोधनाची साधने

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागल्यास त्याचे कारण वाचण्यासाठी ओबीडी यंत्र वापरतात. ओबीडी म्हणजे गाडीतच बसवलेली दोषनिदानाची व्यवस्था. अमेरिकेत इ.स. १९९६ च्या वर्ष-मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत ओबीडी-२ ही समान पद्धत सक्तीची झाली. युरोपीय संघाने पेट्रोल मोटारींसाठी इ.स. २००१ पासून आपली तत्सम पद्धत लागू केली. भारतात ओबीडी-२ ची सक्ती १ एप्रिल २०१३ पासून झाली. या सर्व नियमांमागील मूळ हेतू दुरुस्ती सोपी करण्याचा नव्हता. धुराचे प्रदूषण वाढवणारा बिघाड चालकाच्या लगेच लक्षात यावा हा होता. घरगुती मेकॅनिकाला झालेला फायदा हे त्याचे अनपेक्षित फळ आहे.

सोळा टोकांचे ओबीडी जोडस्थान बहुधा स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या तळाशी असते. तेथे हाती धरण्याचे यंत्र अथवा ब्लूटूथने मोबाइलला जोडले जाणारे छोटे उपकरण लावले की संकेत वाचता येतो. संकेतात एक अक्षर व चार अंक असतात. ‘पी’ इंजिन व गिअर यांसाठी, ‘सी’ ब्रेक व सुकाणूसारख्या भागांसाठी, ‘बी’ बॉडीसाठी आणि ‘यू’ गाडीतील संगणकांच्या परस्परसंपर्कासाठी आहे. उदा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील ज्वलन चुकणे, तर पी०४२० म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाची क्षमता घटणे.

संकेत लक्षण सांगतो, निकामी भाग सांगत नाही. पी०१७१ हा संकेत इंजिनातील मिश्रणात इंधन कमी व हवा जास्त असल्याचे दर्शवतो. त्याचे कारण फाटलेली रबरी नळी असू शकते, हवा मोजणारा मळलेला संवेदक असू शकतो किंवा इंधनाच्या पंपाचा कमी दाबही असू शकतो. संकेतात ज्याचे नाव आले तो संवेदक लगेच विकत आणून बसवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. दुसरी चूक म्हणजे कारण न शोधता संकेत पुसून टाकणे. त्याबरोबर बिघाडाच्या क्षणी नोंदलेली वेग, तापमान इत्यादी माहितीही पुसली जाते, आणि दिवा पुन्हा लागेपर्यंत तपासाला आधार उरत नाही. हे जोडस्थान बॅटरीशी कायम जोडलेले असल्यामुळे गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर उपकरण काढून ठेवावे लागते.

विजेच्या तक्रारींसाठी साधा मल्टिमीटर अजूनही सर्वांत जलद साधन आहे. काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपास वा त्याखाली वाचन आल्यास ती बरीच रिकामी झाली असे समजतात. इंजिन चालू असताना वाचन साधारण १३.५ ते १४.७ व्होल्टदरम्यान यावे. ते वाढतच नसेल तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये अथवा त्याच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक. दोन मिनिटांच्या या मोजणीने नव्या बॅटरीचा निष्कारण खर्च टळू शकतो.

गाडी उचलण्याची साधने

गाडीसोबत येणारा कात्री-जॅक केवळ रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो. घरी काम करणारे त्याऐवजी चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक वापरतात. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या तत्त्वावर तो चालतो: लहान दट्ट्यावर हाताने दिलेले थोडे बळ मोठ्या दट्ट्यावर अनेक पटींनी मिळते. सहज नेता येण्याजोग्या हायड्रॉलिक जॅकचे पेटंट न्यू यॉर्कमधील रिचर्ड डजन यांनी इ.स. १८५१ मध्ये घेतले.

कात्री-जॅकने काही मिनिटे घेणारे काम ट्रॉली जॅक काही सेकंदांत करतो, पण त्याचा सारा भार तेलाच्या दाबावर आणि रबरी सीलवर असतो. सील झिजल्यास, झडप किंचित सैल राहिल्यास किंवा जॅक जरासा सरकल्यास गाडी कोणतीही पूर्वसूचना न देता खाली येते. एका मध्यम मोटारीचे वजन एक टनाहून अधिक असते. म्हणून जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे, हा नियम वाहन-पुस्तिकांत आढळतो. गाडी उचलताच तिच्या चौकटीखाली, निर्मात्याने नेमून दिलेल्या जागी, लोखंडी आधार-घोड्या लावून भार त्यांच्यावर उतरवावा लागतो. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावणे, हँडब्रेक ओढणे आणि खाली शिरण्यापूर्वी गाडी हाताने हलवून पाहणे, एवढी तयारी फार तर पाच मिनिटांची असते.

‘फक्त तेलाचा बूच काढायचा आहे’, अशा छोट्या कामातच ही पाच मिनिटे वाचवण्याचा मोह होतो. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे आधार म्हणून वापरणे तर विशेष धोक्याचे आहे. एका ठिकाणी एकवटलेल्या भाराखाली ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. जमीन सपाट व कठीण असणे आवश्यक आहे. पावसाळ्यात मातीच्या अंगणात, किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर घोडीचे पाय रुतून ती कलंडू शकते. उताराच्या वाहनतळात हे काम मुळीच करू नये. केवळ तेल बदलण्यासाठी चाके चढवण्याचे उतरते पाट हा जॅक व घोडी यांपेक्षा जलद आणि स्थिर पर्याय आहे.

टॉर्क पाना

बोल्ट किती घट्ट आवळला गेला हे मोजणारा पाना म्हणजे टॉर्क पाना. न्यू यॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागात काम करणारे कॉनरॅड बाहर यांनी इ.स. १९१८ मध्ये तो योजला; जमिनीखालील नळांच्या जोडांवरील बोल्ट अतिआवळले जाऊ नयेत, हा त्यांचा उद्देश होता.

आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा काम करतो. त्याच्यातील ताणामुळेच दोन भाग एकमेकांना घट्ट धरून राहतात. आवळताना दिलेल्या टॉर्कपैकी सुमारे नऊ-दशांश भाग डोक्याखालील व आट्यांतील घर्षणात खर्च होतो आणि केवळ एक-दशांशाच्या आसपास ताणात रूपांतरित होतो. घर्षणात थोडा फरक पडला तरी ताण बराच बदलतो. चाकाच्या आट्यांना तेल लावून तोच टॉर्क दिल्यास बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. म्हणून पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर ते आटे स्वच्छ व कोरडे ठेवतात.

प्रचलित ‘क्लिक’ प्रकारात मुठीवरील मापपट्टीवर अपेक्षित आकडा लावला जातो. तो टॉर्क येताच आतील स्प्रिंगने धरलेला भाग निसटतो आणि हाताला ठळक खटका जाणवतो. तेथे थांबायचे असते. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा खटका घेतल्यास बोल्ट अधिकच आवळला जातो. काम झाल्यावर पाना सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवतात, म्हणजे स्प्रिंग कायम दाबलेली राहत नाही. या पान्याने बोल्ट सोडवणे टाळतात.

अनेक लहान मोटारींच्या चाकांच्या नटांना १०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतच पाहावा लागतो. नट क्रमाने गोल न आवळता समोरासमोर, ताऱ्याच्या आकारात, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात. त्यामुळे चाक एका बाजूला कलून बसत नाही. सैल नट धावत्या गाडीत हळूहळू फिरून निघतात. अतिआवळलेला स्टड तुटू शकतो, आणि पंक्चर झाल्यावर रस्त्यात असा नट सोडवणे एकट्या माणसाला अशक्य होऊन बसते. चाक बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर अंतर झाल्यावर नट पुन्हा तपासण्याची शिफारस केली जाते. इंजिनाच्या तेलाच्या बुचाबाबत चूक उलट दिशेची असते: अ‍ॅल्युमिनियमच्या तळपात्रात पोलादी बूच ताकदीने आवळला की पात्राचेच आटे जातात, आणि दहा मिनिटांत वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च येतो.

इतर छोटी साधने

सुटलेले नट न हरवू देणारी चुंबकीय थाळी, खोलवर पडलेला बोल्ट उचलणारी लांबणारी चुंबकीय कांडी, डोक्यावर बांधायचा दिवा आणि नायट्राइलचे हातमोजे यांची किंमत थोडी असून त्यांनी वाचणारा वेळ बराच असतो. भाग सोडवण्यापूर्वी मोबाइलने काढलेले छायाचित्र पुन्हा जोडणी करताना, विशेषतः नळ्या व तारांच्या बाबतीत, कोणत्याही अवजाराइतके उपयोगी पडते.

भारतातील स्थिती

भारतात गल्लोगल्ली गॅरेज उपलब्ध असल्याने आणि मजुरीचे दर तुलनेने कमी असल्याने घरगुती मोटारदुरुस्तीची प्रथा अमेरिका वा ब्रिटनइतकी रुजली नाही. दुचाकीची देखभाल मात्र पूर्वीपासून अनेक घरांत केली जाते आणि पाना धरण्याची सवय बहुधा तेथेच लागते. हस्त-अवजारांच्या निर्मितीची मोठी केंद्रे पंजाबमध्ये जालंधर व लुधियाना येथे आहेत. महाराष्ट्रात नाशिक येथे तापरिया टूल्सचा कारखाना आहे.

गॅरेजमधील शब्दसंग्रह संमिश्र आहे. पाना, गोटी, पक्कड, आटे हे रुळलेले शब्द टॉमी, जॅक, वायसर यांसारख्या इंग्रजीवरून आलेल्या शब्दांबरोबर सहज वापरले जातात. जादा चाकाला म्हटली जाणारी ‘स्टेपनी’ वेल्समधून आली आहे. तेथील लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी इ.स. १९०४ मध्ये जादा चाक तयार केले, आणि रस्त्याचे नाव चाकाला मिळाले.

घरी काढलेले जुने इंजिन-तेल गटारात किंवा मातीत ओतता येत नाही. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते; ते बंद डब्यात साठवून, असे तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे लागते. एअरबॅग, वातानुकूलन यंत्रणेतील वायू आणि संकरित व विद्युत गाड्यांतील नारिंगी आवरणाच्या उच्च-दाब तारा ही कामे घरगुती देखभालीच्या कक्षेबाहेरची मानली जातात. विद्युत गाडीत तेल व स्पार्क प्लग नसले तरी चाके, ब्रेक, वायपर आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी राहतेच. त्यामुळे जॅक, घोडी, मल्टिमीटर आणि टॉर्क पाना यांची गरज तेथेही कायम आहे.